केळीचे बी कुठे असते?

पालकांनी शाळेला हातभार लावावा असे म्हटले, की देणगी, रंगकाम आणि स्नेहसंमेलनाचा मंडप एवढेच आपल्या डोळ्यांसमोर येते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने, विनाअनुदानित शाळा वगळता, शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत असे ठरवले. देखरेख, विकास आराखडा आणि अनुदानाचा विनियोग ही कामे या समितीकडे आली. पण प्रत्यक्ष शिकवण्यात पालकांचा वाटा कोणता?

जळगावला मुलाच्या शाळेत पालक या नात्याने आम्ही विज्ञानाचा एक तास घेतला. तक्ता टांगून फूल, परागण, फळ, बी हा क्रम सांगितला. एका मुलीने विचारले, "सर, मग केळीचं बी कुठे असतं?" आम्ही 'अनिषेकफलन' हा शब्द फळ्यावर लिहिला. मुलांचे चेहरे कोरेच राहिले.

त्या मुलीचे वडील तापीकाठचे केळी बागायतदार. बाईंनी त्यांना बोलावले, तेव्हा ते म्हणाले, "आम्ही काय शिकवणार, बाई? आम्ही शिकेल नाही." बाई म्हणाल्या, "भाऊ, भाषण नको. लागवड कशी करता तेवढं दाखवा."

पुढच्या आठवड्यात ते उपटलेली केळ घेऊन आले. खोडाचा एकेक पदर त्यांनी सोलला. लाकूड कुठेच नाही. सारे पानांच्या देठांचे एकावर एक गुंडाळलेले थर! मग जमिनीखालचा कंद आणि त्याला फुटलेले पील दाखवून म्हणाले, "हेच आमचं बी." आम्ही भर घातली, की फळातले काळे ठिपके म्हणजे वाढ न झालेली बीजे, आणि प्रत्येक पील ही मातृझाडाची हुबेहूब प्रत. ऊतिसंवर्धित रोपेही तशीच.

आता त्यांनीच आम्हाला विचारले, "म्हणून एका झाडाचा रोग सगळी बाग खातो का?" विषाणूजन्य मोझॅक रोगामुळे त्यांना बागेचा काही भाग उपटावा लागला होता. आम्ही सांगितले: हा विषाणू मावा किडीमार्फत पसरतो, रोगट झाडाच्या पिलांतूनही जातो; आणि सर्व झाडे एकसारखी असल्याने एकाला जे सोसत नाही ते कोणालाच सोसत नाही. याच कारणाने विसाव्या शतकाच्या मध्यास लॅटिन अमेरिकेतील 'ग्रो मिशेल' केळीच्या निर्यात बागा पनामा रोगाने, म्हणजे एका बुरशीने, संपवल्या. त्या तासाला घंटा झाल्यावरही कोणी उठले नाही.

धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठी बंधाऱ्याचे पाणी वाटून घेण्याची जुनी फड पद्धत आहे. तेथील पालकाला पाणीवाटप विचारले, तर क्षेत्रफळ, वेळ आणि प्रवाह यांचे गणित आपोआप वर्गात येईल.

शिक्षकांनी तीन गोष्टी पाळाव्यात. पालकाला 'काहीतरी सांगा' असे न म्हणता एकच नेमका प्रश्न द्यावा. वस्तू हाताळायला मिळावी. आणि पालक आपल्या बोलीत बोलत असल्यास मध्येच भाषा सुधारू नये.

पुढच्या पालकसभेत देणगीची यादी वाचण्यापूर्वी प्रत्येकाला विचारून लिहून घ्यावे: आपण रोज कोणते काम करता?