तीन रविवारांची शस्त्रसंधी

३ फेब्रुवारी १९८५, रविवार. मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोर या चिमुकल्या देशात यादवी युद्ध ऐन भरात होतं. त्या दिवशी मात्र सरकारी फौजा आणि ‘एफएमएलएन’चे गनिमी बंडखोर, दोघांनीही लढाई थांबवली. आया कडेवर पोरं घेऊन लसीकरण केंद्रांकडे निघाल्या. ३ मार्च आणि २१ एप्रिल, हेही रविवारच, असेच गेले. त्या तीन दिवसांत सुमारे अडीच लाख मुलांना पोलिओ, गोवर, घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांच्या लसी मिळाल्या. पोलिओ आणि त्रिगुणी लसीच्या तीन डोसांमध्ये किमान चार आठवड्यांचं अंतर लागतं, म्हणून रविवारही तीन.

ही कल्पना युनिसेफचे तेव्हाचे प्रमुख जेम्स ग्रँट यांची. राष्ट्राध्यक्ष होसे नापोलेओन दुआर्ते यांच्यासमोर त्यांनी साधा हिशेब मांडला: आदल्या वर्षभरात युद्धात जितकी माणसं मेली, त्याहून जास्त मुलं लसीने टळू शकणाऱ्या आजारांनी दगावली. दुआर्ते राजी झाले. बंडखोरांशी सरकारने थेट बोलणं अवघड होतं, तिथे कॅथलिक चर्च मध्ये पडलं. १९९२ साली शांतता करार होईपर्यंत हा रिवाज दरवर्षी पाळला गेला. पुढे १९८७मध्ये लेबनॉनमध्येही अशीच शस्त्रसंधी झाली. १९९५मध्ये सुदानमध्ये जिमी कार्टर यांनी नारूच्या निर्मूलनासाठी घडवून आणलेली शस्त्रसंधी तर जवळपास सहा महिने टिकली.

युद्धातल्या मुलांना मदत म्हटलं की डोळ्यांसमोर तंबू, पोती आणि ट्रक येतात. पण हे सामान बहुतेक वेळा जगात कुठेतरी तयार असतं. अडतं ते परवानगीपाशी. १९४९च्या चौथ्या जिनिव्हा कराराचं कलम २३ पंधरा वर्षांखालच्या मुलांसाठी अन्न, कपडे आणि औषधं जाऊ द्यायला सांगतं. त्याच कलमात पळवाटही आहे: या मालाचा शत्रूला फायदा होईल अशी गंभीर शंका असेल, तर वाट अडवता येते. म्हणून कायदा हातात असूनही प्रत्येक नाक्यावर नव्याने बोलणी करावी लागतात.

आणि लस फार वेळ ताटकळू शकत नाही. बहुतेक लसी २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवाव्या लागतात. पोलिओच्या कुपीवर एक छोटं वर्तुळ आणि त्यात फिकट चौकोन छापलेला असतो. उष्णता लागत जाते तसा चौकोन गडद होत जातो. तो वर्तुळाच्या रंगाचा झाला, की कुपी टाकून द्यायची. आपल्याकडच्या कोणत्याही आशाताईला ही खूण तोंडपाठ असते. शीतपेटी एखाद्या चौकीवर दिवसभर अडकली आणि बर्फाचे पॅक वितळले, तर काय होतं हे तिला वेगळं सांगावं लागत नाही.

गाझामध्ये २०२४च्या उन्हाळ्यात सांडपाण्याच्या नमुन्यांत पोलिओचा विषाणू सापडला. ऑगस्टमध्ये दहा महिन्यांच्या एका बाळाला पक्षाघात झाल्याचं सिद्ध झालं. तिथली २५ वर्षांतली ही पहिली केस. १ सप्टेंबरला मोहीम सुरू झाली. आधी मध्य भाग, मग दक्षिण, मग उत्तर. ज्या भागात लसीकरण, तिथे ठरावीक तास हल्ले थांबणार. प्रत्येक मुलाच्या तोंडात दोन थेंब आणि बोटावर शाईची खूण. पल्स पोलिओच्या रविवारी बूथवर गेलेल्या प्रत्येक मराठी घराच्या ओळखीची. बारा दिवसांत दहा वर्षांखालच्या सुमारे ५ लाख ५९ हजार मुलांना डोस मिळाले.

दुसरी फेरी मात्र उत्तरेत लांबली. २ नोव्हेंबरला ती तिथे सुरू झाली, त्याच दिवशी गाझा शहरातल्या शेख रदवान आरोग्य केंद्रावर हल्ला झाला. आईबाप मुलांना घेऊन तिथे आले होते. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं, सहा जण जखमी, त्यांतली चार मुलं.

अशा मोहिमांचा खरा आधार विश्वासाचा, आणि तो एका फटक्यात मोडतो. ओसामा बिन लादेनचा माग काढताना अमेरिकेच्या सीआयएने पाकिस्तानातल्या अबोटाबादमध्ये हिपॅटायटिस बी लसीकरणाचा बनाव रचला होता. २०११मध्ये ते उघड झालं. लस देणाऱ्यांविषयी आधीच असलेल्या संशयाला त्याने खतपाणी घातलं. २०१२च्या डिसेंबरमध्ये कराची आणि पेशावरच्या परिसरात पोलिओ कार्यकर्त्यांना गोळ्या घातल्या गेल्या; त्यांत बहुतेक स्त्रिया होत्या. लसीकरणाचा असा वापर पुन्हा करणार नाही, असं व्हाइट हाउसने २०१४मध्ये जाहीर केलं. तोवर घरोघरी जाणाऱ्या बायकांनी त्याची किंमत मोजली होती.

मुलांपर्यंत पोचणारी मदत अडवणं हा संयुक्त राष्ट्रांच्या यादीतल्या सहा गंभीर उल्लंघनांपैकी एक प्रकार आहे. मुलांना ठार मारणं आणि सैन्यात भरती करणं ज्या यादीत आहे, तीच ही यादी. २०२४ या वर्षासाठीच्या अहवालात एकूण ४१,३७० उल्लंघनांची पडताळणी झाली आणि त्यांत ७,९०६ घटना मदत अडवल्याच्या होत्या. या नोंदी ठेवायला लागल्यापासून एकूण उल्लंघनांचा इतका मोठा आकडा कधीच आला नव्हता.

या प्रत्येक घटनेमागे नाही म्हणणारा कुणीतरी असतो: एखादा सेनापती, मंत्री किंवा टोळीचा म्होरक्या. एल साल्वादोरमध्ये एकमेकांच्या जिवावर उठलेल्या दोन्ही बाजूंनी तीन रविवार होकार दिला होता. म्हणूनच ‘युद्ध आहे, काय करणार’ हे उत्तर ऐकून घेण्याचं कारण नाही. २०२५च्या नोव्हेंबरमध्ये गाझात शस्त्रसंधीनंतर राहून गेलेल्या लसीकरणाची मोहीम निघाली, तेव्हाही १६ लाख सिरिंज ऑगस्टपासून, आणि सौरऊर्जेवरचे फ्रीजही, इस्रायलच्या परवानगीसाठी अडकून पडल्याचं युनिसेफने सांगितलं. ती परवानगी कोणी आणि का रोखली, हे नाव घेऊन विचारायला हवं.