उत्तर हातात न देणारे शिबिर

भारतात पदवी पातळीवर गणित शिकणाऱ्या मुलामुलींना एम.टी.टी.एस. हे नाव ओळखीचे असते. प्रा. एस. कुमारेसन यांनी राष्ट्रीय उच्चतर गणित मंडळाच्या पाठबळावर १९९३ मध्ये सुरू केलेले हे चार आठवड्यांचे उन्हाळी शिबिर. तिथे शिकवले जाणारे विषय काही जगावेगळे नसतात. रिअल अ‍ॅनालिसिस, लिनिअर अल्जिब्रा, ग्रुप थिअरी कॉलेजातही असतेच. फरक असा की, तिथला शिक्षक प्रमेय आणि सिद्धता उतरवून देऊन मोकळा होत नाही. तो विचारतो आणि उत्तर येईपर्यंत थांबतो. अशी शिबिरे म्हणजे हुशार मुलांची सुट्टीतली चैन, असा समज आहे. मला मात्र वाटते की त्यांची पद्धत साध्या वर्गाला अधिक गरजेची आहे.

ही पद्धत नेमके काय साधते? क्रमिका शून्याकडे अभिसरण पावते म्हणजे काय, याची व्याख्या दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी धडाधड म्हणून दाखवतो: कोणतीही धन संख्या एप्सिलॉन घ्या, क्रमिकेत असे एक स्थान सापडते की त्यापुढची सगळी पदे शून्यापासून एप्सिलॉनपेक्षा कमी अंतरावर असतात. आता त्याला विचारा, क्रमिका शून्याकडे जात नाही म्हणजे काय? पुष्कळदा उत्तर येते, ‘सगळी पदे शून्यापासून दूर असतात.’ इथे ‘चूक’ म्हणून बरोबर वाक्य फळ्यावर लिहिले, तर ते वहीत जाते आणि वहीतच राहते. त्याऐवजी शिक्षकाने १, ०, १, ०, १, ० अशी क्रमिका मांडावी आणि गप्प बसावे. एक सोडून एक पद चक्क शून्य, तरी क्रमिका शून्याकडे जात नाही. चुळबुळ होते, कोणीतरी म्हणते, ‘मग सगळी नाही, काही पदे दूर.’ यावर ५, ५, ५ आणि पुढे नुसती शून्ये. काही पदे दूर आहेतच, पण ही तर शून्याकडे जाते! मग हळूहळू वर्गच वाक्य घडवतो: एक ठरावीक अंतर असे असते की, क्रमिकेत कितीही पुढे गेलो तरी शून्यापासून निदान तेवढे दूर असलेले पद आणखी पुढे भेटतेच. व्याख्येतला एकेक शब्द कशासाठी आहे, हे एव्हाना कळलेले असते.

शिबिरात निवडक मुले येतात, तिथे हे जमणारच, असे कोणी म्हणेल. पण स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या पदवी वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र तपासले, ते शिबिरांचे नव्हते. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत नापासांचे सरासरी प्रमाण ३३.८ टक्के होते. विद्यार्थ्यांना कामाला लावणाऱ्या वर्गांत २१.८ टक्के. पन्नासच्या आतल्या वर्गांत फायदा जास्त, पण मोठ्या वर्गांतही तो दिसलाच. आपल्याकडे आकडे हेच येतील असे नाही, पण ‘हे फक्त हुशारांसाठी’ हा आक्षेप त्यापुढे टिकत नाही.

दुसरी अडचण अधिक चिवट आहे, कारण ती विद्यार्थ्यांकडूनच येते. ‘सर छान समजावून सांगतात’ ही आपल्याकडची सर्वात मोठी दाद. हार्वर्डमध्ये लुई देलोरिए आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये पदार्थविज्ञानाच्या वर्गांवर प्रयोग प्रसिद्ध केला. सफाईदार व्याख्यान ऐकणाऱ्यांना आपण जास्त शिकलो असे वाटले. चाचणीत मात्र स्वतः झटापट करणारे पुढे होते. म्हणजे विद्यार्थ्यांच्या समाधानावरून शिकवणे जोखण्यात धोका आहे.

राहिला पोर्शन. शिबिराला परीक्षा नसते आणि कॉलेजला असते, हे खरेच. प्रश्नपत्रिका ‘व्याख्या लिहा, प्रमेय सिद्ध करा’ एवढेच विचारणार असेल, तर वर्गात दहा मिनिटे गप्प बसणारा शिक्षक विद्यार्थ्यांना वेळखाऊ वाटणारच, आणि त्यांचे चुकतेय असेही म्हणता येत नाही. म्हणून सुरुवात पेपर काढणाऱ्यांनी करावी. दर पेपरात एक तरी प्रश्न असा असावा: एक चुकीचे विधान द्या आणि ते मोडणारे उदाहरण मागा. त्यासाठी ना नवा अभ्यासक्रम लागतो ना जादा अनुदान. तपासणाऱ्याला प्रत्येक उत्तर नव्याने वाचावे लागेल, हे मात्र खरे; विरोध झालाच तर तो तिथून होईल.