स्वतःच्याच सहीचा दस्तऐवज

व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन या अमेरिकन संशोधकांनी १९७६ साली सार्वजनिक किल्लीची कल्पना मांडली आणि पुढच्याच वर्षी रिव्हेस्ट, शामिर व ॲडलमन या त्रयीने तिला गणिताचे मूर्त रूप दिले. त्यापूर्वी गुप्तलेखन ही विद्या बहुतांशी राजे, सेनापती आणि वकील यांच्या खलित्यांपुरतीच होती. ब्रिटिश सरकारच्या सेवेतील क्लिफर्ड कॉक्स यांना हीच युक्ती १९७३ सालीच सुचली होती. परंतु सरकारी दप्तरात गेलेल्या कागदाची जी गत होते ती तिचीही झाली, आणि १९९७पर्यंत जगाला तिचा पत्ता लागला नाही. आज मात्र जी क्रिया एके काळी राज्यसंस्थेची मिरास होती, ती महाविद्यालयातला एखादा विद्यार्थी घरी बसून तीस-चाळीस ओळींत उरकतो: किल्ल्यांची जोडी घडवायची, सार्वजनिक किल्लीसोबत आपले नाव व मुदत लिहून प्रमाणपत्र तयार करायचे, आणि त्यावर आपल्याच खासगी किल्लीने सही करायची.

गूगलने २००९ साली प्रसिद्ध केलेल्या ‘गो’ या भाषेचे उदाहरण घेऊ, कारण ही सारी सामग्री तिच्या स्टँडर्ड लायब्ररीतच हाताशी ठेवलेली आहे. किल्ली घडविणाऱ्या फंक्शनला दोनच गोष्टी सांगाव्या लागतात: यादृच्छिक बिटांचा झरा कोणता, आणि किल्ली किती बिटांची. २,०४८ म्हटले की यंत्र १,०२४ बिटांच्या, म्हणजे आपल्या दशमान पद्धतीत तीनशेहून अधिक अंकांच्या, दोन मूळ संख्या शोधू लागते. एवढ्या मोठ्या मूळ संख्यांची यादी कोठेही नसते. यंत्र एक विषम संख्या यदृच्छेने उचलते, ती मूळ आहे की नाही हे पारखते, नसेल तर टाकून दुसरी घेते, आणि या आकाराच्या प्रदेशात सरासरीने साडेतीनशे विषम संख्यांमागे एक मूळ संख्या सापडत असल्यामुळे हा शोध बहुधा क्षणार्धात संपतो. कानपूरच्या आयआयटीतील मणीन्द्र अग्रवाल, नीरज कयाल व नितीन सक्सेना यांनी २००२ साली मूळत्वाची निरपवाद आणि तत्त्वतः शीघ्र अशी कसोटी सिद्ध केली, तिचे कौतुक जगभर झाले. व्यवहारात मात्र अजूनही मिलर आणि राबिन यांची संभाव्यतेवर विसंबणारी जुनी कसोटीच चालते, कारण ती कितीतरी वेगवान आहे आणि तिच्यातली चुकीची शक्यता हवी तितकी घटविता येते. या दोन संख्यांचा गुणाकार आणि ६५,५३७ हा ठरीव घातांक मिळून सार्वजनिक किल्ली होते. खुद्द मूळ संख्या आणि त्यांपासून निघणारा उलटा घातांक ही खासगी किल्ली.

गणिताची बाजू अशी भक्कम. नाजूक जागा आहे ती त्या झऱ्याची. डेबियन या लिनक्सच्या ओपनएसएसएल संचातून २००६ साली, तपासणीच्या एका साधनाने हरकत घेतली म्हणून, काही ओळी गाळण्यात आल्या, आणि त्यांच्याबरोबर यादृच्छिकतेचा जवळजवळ सगळा साठाच आटला. उरला तो केवळ चालू प्रक्रियेचा क्रमांक. परिणामी एका जातीच्या यंत्रावर एका आकाराच्या जितक्या म्हणून भिन्न किल्ल्या घडू शकत, त्या ३३ हजारांच्या आतच राहिल्या, आणि मे २००८पर्यंत याचा जाहीर उलगडा झाला नाही. २०१२ साली संशोधकांच्या दोन गटांनी इंटरनेटवरच्या लक्षावधी सार्वजनिक किल्ल्या गोळा करून त्यांचे मसावि काढले, तेव्हा असे दिसले की राउटरसारखी उपकरणे सुरू होताच, पुरेशी यादृच्छिकता साठण्यापूर्वीच, किल्ल्या घडवीत असल्याने हजारो किल्ल्यांत एकेक मूळ संख्या सामाईक राहिली होती. शाळेतल्या मसाविने दोन्ही कुलपे उघडली.

सहीचा प्रकार त्याहून मनोरंजक. प्रमाणपत्र घडविणारे फंक्शन ज्याला प्रमाणित करायचे त्याचा मजकूर आणि जो प्रमाणित करणार त्याचे प्रमाणपत्र, अशा दोन गोष्टी वेगवेगळ्या मागते. ‘गो’च्या नियमाप्रमाणे दोन्ही जागी एकच मजकूर दिला की प्रमाणपत्र ‘सेल्फ-साइन्ड’ होते. अर्जदार तोच आणि अंमलदारही तोच! नाव, अनुक्रमांक, मुदत, विनियोग आणि सार्वजनिक किल्ली हा सर्व मजकूर बांधीव आकृतिबंधात मांडून त्याचा २५६ बिटांचा गोषवारा काढला जातो, आणि त्या गोषवाऱ्यावर खासगी किल्लीची क्रिया होऊन जी संख्या निघते ती सही. मराठेशाहीतल्या पत्रात मजकूर जेथे संपला तेथेच मोर्तब उठविण्याची चाल होती, ती अशासाठी की पुढे कोणी एक अक्षरही घुसडू नये; ही सही तेच काम अधिक कडेकोटपणे करते, कारण मुदतीतला एक दिवस जरी बदलला तरी गोषवारा बदलतो आणि सही जुळेनाशी होते. शिवाय सार्वजनिक किल्लीची जोडीदार सही करणाऱ्याच्याच ताब्यात होती, एवढेही तिने सिद्ध होते.

नाव खरे आहे, हे मात्र तिने सिद्ध होत नाही. एखाद्या बँकेच्या नावाने असे प्रमाणपत्र कोणीही घरबसल्या घडवू शकतो, म्हणूनच ब्राउझर ते पाहून इशारा देतो. तथापि ज्यांवर ब्राउझर निःशंक विश्वास ठेवतो त्या प्रमाणपत्रांची साखळी चढत गेले की शेवटी जे रूट प्रमाणपत्र भेटते, तेही स्वतःच स्वतःवर सही केलेलेच असते. त्याच्यावर सही करील असा वरिष्ठ तेथे उरतच नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० अन्वये आपल्याकडे नेमलेल्या प्रमाणन प्राधिकारी नियंत्रकांचे रूट याच जातीचे, आणि ई-निविदा भरणाऱ्या कंत्राटदाराची किंवा कंपनीची विवरणपत्रे दाखल करणाऱ्या सनदी लेखापालाची डिजिटल सही अखेर तेथेच जाऊन टेकते. विद्यार्थ्याच्या प्रमाणपत्राचे आणि या रूटाचे गणित एकच. अंतर पडते ते ऑपरेटिंग सिस्टिम व ब्राउझर यांच्या कर्त्यांनी राखलेल्या यादीमुळे.

या यादीचे माहात्म्य जुलै २०१४मध्ये दिसून आले. नॅशनल इन्फॉर्मॅटिक्स सेंटरच्या प्रमाणन-व्यवस्थेतून आपल्या नावांची अनधिकृत प्रमाणपत्रे निघाल्याचे गूगलला आढळले. भारतीय नियंत्रकांचे रूट मायक्रोसॉफ्टच्या यादीत असल्यामुळे विंडोजवरच्या बहुतेक प्रोग्रामांनी ती खरी मानली असती, आणि फायरफॉक्सची यादी स्वतंत्र असून तिच्यात हे रूट नसल्यामुळे त्याला मात्र बाधा नव्हती. नियंत्रकांनी मधली प्रमाणपत्रे ताबडतोब रद्द केली. गूगलने क्रोममध्ये त्या रूटाचा अंमल सरकारी व तत्सम मोजक्या भारतीय संकेतनामांपुरता मर्यादित केला. आणि एवढे सगळे घडत असता रूटावरची सही गणिताच्या दृष्टीने पूर्वीइतकीच वैध होती.