वेबसाइटवर कोण आलं, किती थांबलं हे मोजणाऱ्यांचे मेळावे : तिथं काय चालतं आणि आपल्या तालुक्यातल्या मुलांनी कसं जायचं?

छत्रपती संभाजीनगर : कन्नड, वैजापूर, सिल्लोड, पैठणकडची बीसीए, बीएस्सी कॉम्प्युटर, बीकॉम झालेली अनेक मुलं-मुली सध्या शहरात खोली करून 'डिजिटल मार्केटिंग'चे नाहीतर 'डेटा अॅनालिटिक्स'चे कोर्स करताहेत. घरच्यांनी फी भरलेली असते, कुणी त्यासाठी सोसायटीचं कर्ज लांबवलेलं असतं. कोर्स संपतो, सर्टिफिकेट हातात येतं आणि मग मुलाचा घरी फोन येतो, "पुण्यात एक कॉन्फरन्स आहे, जायला पैसे पाठवा." आई-वडिलांना कळत नाही की ही कसली कॉन्फरन्स, तिथं जाऊन नोकरी मिळते का, की हा पैसे उकळायचा धंदा आहे. यातलं खरं काय ते जरा उलगडून पाहू.

आधी हे काम काय ते समजून घ्या

मोजणी म्हटलं की आपल्याला भूमी अभिलेखचा मोजणीवाला आठवतो. ही मोजणी वेगळी आहे. तुम्ही ही बातमी मोबाइलवर उघडली, तेव्हा तुम्ही व्हॉट्सअॅप ग्रुपवरच्या लिंकवरून आलात की गूगलवर शोधून आलात, मोबाइलवर आहात की कॉम्प्युटरवर, साधारण कुठल्या शहराच्या आसपास आहात आणि किती वेळ थांबलात, हे वेबसाइटला कळू शकतं. तुमचं नाव त्यात दिसत नाही, पण वागणूक दिसते. गूगल अॅनालिटिक्स नावाचं फुकट साधन यासाठी सगळ्यात जास्त वापरलं जातं. त्याच्या हिशेबात माणूस १० सेकंदांपेक्षा जास्त थांबला, किंवा त्यानं दोन पानं उघडली, किंवा मालकानं ठरवलेली महत्त्वाची गोष्ट केली (म्हणजे फोन लावला, फॉर्म भरला), तर तो 'रमला' असं धरतात. ३० मिनिटं काहीच हालचाल केली नाही तर ती भेट संपली.

आठवडी बाजारात भाजी घेऊन बसणारी बाई हेच डोक्यात करत असते. किती जण थांबले, किती जणांनी भाव विचारला, किती जणांनी पिशवी पुढं केली. भाव विचारून सगळेच निघून जात असतील तर तिला कळतं की शेजारचा स्वस्त देतोय. वेबसाइटवर ते डोळ्यांना दिसत नाही, म्हणून मोजणारा माणूस लागतो.

समजा वाळूजच्या एखाद्या ठिबक विक्रेत्याची वेबसाइट आहे. महिन्याला ४०० जण बघतात आणि फोन येतात सहा. मालक म्हणतो, जाहिरात वाढवा. मोजणारा आकडे काढून सांगतो की बघणारे बहुतेक सगळे मोबाइलवर आहेत, पान उघडायला फार वेळ लागतो आणि फोन नंबर पार तळाला लिहिलाय. नंबर वर घ्या, फोटो हलके करा, जाहिरातीचे पैसे वाचतील. या कामाला वेब अॅनालिटिक्स म्हणतात. पगार मिळतो तो असा सल्ला देण्याचा. नुसते आकडे काढायला आता मशीन पुरतं.

मेळावे का भरायला लागले?

कारण हे शिकवणारं कॉलेज नव्हतं. वेबसाइट आल्या, त्यावर माणसं यायला लागली, मोजायची साधनं आली, पण आकड्यांचा अर्थ कसा लावायचा हे कुणी कुणाला सांगायचं? अमेरिकेत जिम स्टर्न नावाच्या सल्लागारानं २००२ मध्ये 'ईमेट्रिक्स' नावानं या लोकांची परिषद भरवायला सुरुवात केली. २००४ मध्ये त्यांची संघटनाही उभी राहिली. पुढं २००५ मध्ये एरिक पीटरसन यांनी 'वेब अॅनालिटिक्स वेन्सडे' सुरू केलं. त्यात साधं एवढंच की बुधवारी संध्याकाळी आपापल्या गावात या कामातल्या लोकांनी जमायचं, खायचं-प्यायचं, बोलायचं. कुणीही आपल्या शहरात भरवावं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये गूगलनं, अर्चिन नावाची कंपनी विकत घेऊन बनवलेलं गूगल अॅनालिटिक्स फुकट देऊन टाकलं. जे साधन मोठ्या कंपन्या पैसे मोजून घेत होत्या ते किराणा दुकानदारालाही मिळालं आणि ते समजून घेणारी माणसं एकदम जास्त लागायला लागली.

या क्षेत्रात आपल्या देशातून गेलेल्या माणसाचं नाव मोठं आहे. अविनाश कौशिक यांचं वेब अॅनालिटिक्सवरचं पुस्तक २००७ मध्ये आलं आणि जगभरच्या नवशिक्यांनी त्यावरच हात बसवला. त्यांचं म्हणणं सोप्या भाषेत असं की साधनावर पैसा कमी घाला, डोकं चालवणाऱ्या माणसावर जास्त घाला.

मला स्वतःला सगळ्यात आवडलेला प्रकार 'मेजरकॅम्प'चा. २०१२ मध्ये लंडनमध्ये सुरू झाला, मग पुष्कळ देशांत पसरला. शनिवारी भरतो, तिकीट फुकट. वक्ते आधी ठरलेले नसतात. सकाळी एक मोठा रिकामा फळा लावलेला असतो. ज्याला काही सांगायचंय किंवा विचारायचंय त्यानं आपला विषय चिकटवायचा, खोली आणि वेळ धरायची. एखाद्या खोलीत मजा येत नसेल तर उठून दुसरीकडं जायचं, कुणी वाईट वाटून घेत नाही. आपला माल विकायला मात्र उभं राहायचं नाही. आपल्या पारावरच्या बैठकीत तरी वेगळं काय असतं? हंगेरीत गाल्यातेतो नावाच्या डोंगरावर 'सुपरवीक' भरतं, तिथं तर रात्री शेकोटी पेटवून बसतात. या लोकांचं म्हणणं असं की खरी अडचण माणूस स्टेजवर सांगत नाही, चहाच्या कपापाशी सांगतो.

याची गरज किती असते ते २०२३ मध्ये दिसलं. गूगलनं जुन्या पद्धतीचं अॅनालिटिक्स १ जुलै २०२३ पासून नवीन आकडे घ्यायचं बंद केलं आणि सगळ्यांना 'जीए फोर' या नव्या साधनावर जावं लागलं. वर्षानुवर्षांच्या सवयीचे रिपोर्ट जागेवर राहिले नाहीत. जुन्या माणसालाही पहिल्यापासून शिकावं लागलं. अशा वेळी नवा आणि जुना एकाच रांगेत येतो, आणि खेड्यातून आलेल्या पोराला आत शिरायला जागा होते.

आपल्या जवळ काय आहे?

महाराष्ट्रात हा विषय बहुतेक वेळा दुसऱ्या मेळाव्यांच्या पोटात येतो. त्यामुळं फक्त 'वेब अॅनालिटिक्स' असं नाव शोधत बसू नका.

पुण्यात हे वातावरण जुनं आहे. २००५ मध्ये कॅलिफोर्नियात निघालेली 'बारकॅम्प'ची पद्धत (वर सांगितलेल्या रिकाम्या फळ्याचं मूळ तिथंच आहे) पुण्यात लगेच रुजली. २००८ मध्ये नवीन काबरा आणि अमित परांजपे यांनी 'पुणेटेक' सुरू केलं. पुण्यात तंत्रज्ञानाचा कुठला कार्यक्रम कधी, कुठं आहे याची माहिती एका जागी मिळावी हा त्यामागचा एक उद्देश. पुण्याचं नाव कॉम्प्युटरच्या धंद्यात झालं त्यात मोठ्या कंपन्यांचा वाटा आहेच, पण अशा फुकटच्या बैठकांचाही आहे.

दुसरा प्रकार 'वर्डकॅम्प'. जगातल्या खूप वेबसाइट वर्डप्रेस या फुकट साधनावर चालतात, त्या लोकांचा हा मेळावा. पुणे, मुंबई, नागपूर, नाशिक इथं वर्डकॅम्प झालेले आहेत. त्यांचा आशियाचा मेळावा २०२३ मध्ये बँकॉकला, २०२४ मध्ये तैपेईला, २०२५ मध्ये मनिलाला झाला आणि एप्रिल २०२६ साठी मुंबई निवडली गेली. वेबसाइट बनवणारा आला की मोजणारा येतोच, म्हणून इथं अॅनालिटिक्सचं बोलणं निघतंच. तिकीट प्रायोजकांमुळं कमी ठेवलेलं असतं आणि हे पक्कं लक्षात ठेवा : स्वयंसेवक म्हणून नाव दिलं आणि निवड झाली तर तिकीट लागत नाही. खुर्च्या मांडणं, नोंदणीच्या टेबलावर बसणं, माइक फिरवणं एवढंच काम असतं. गावच्या सप्ताहात पंगती वाढलेल्या पोराला हे अवघड नाही, उलट नोंदणीच्या टेबलावर बसणाऱ्याला सगळ्यांचे चेहरे कळतात. तिसरा प्रकार गूगल डेव्हलपर ग्रुपचा 'डेव्हफेस्ट', तो साधारण वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत शहराशहरांत भरतो.

आता आपल्या शहराचं. इथं सीएमआयए आणि मसिआ या उद्योजकांच्या जुन्या संघटना आहेत, नव्या उद्योगांना आधार देणारी 'मॅजिक' ही संस्था आहे, चिकलठाण्याला एसटीपीआयचं केंद्र आहे, विद्यापीठाच्या आवारात नाइलिट आहे. मसिआचं 'अॅडव्हान्टेज महाराष्ट्र एक्स्पो' जानेवारी २०२४ मध्ये शेंद्र्याच्या ऑरिक सिटीत भरलं होतं. माझं मत विचाराल तर पहिलं काम शोधणाऱ्यानं पुण्याच्या कॉन्फरन्सआधी असं औद्योगिक प्रदर्शन गाठावं. पुण्याच्या मेळाव्यात तुमच्यासारखेच मोजणारे शंभर जण असतात. प्रदर्शनात मात्र पार्ट बनवणारे, बियाणंवाले, पॅकिंगवाले असतात. त्यांच्याकडं वेबसाइट असते, पण तिच्यावर कोण येतं हे विचारलं तर मालक मुलाकडं बघतो आणि मुलगा मॅनेजरकडं. तिथं तुमची गरज जास्त आहे.

जायचं तर कसं?

रिकाम्या हातानं जाऊ नका. सर्टिफिकेट दाखवणारे ढिगानं असतात. त्यापेक्षा गावातल्या एखाद्या डॉक्टरची, शाळेची नाहीतर बचत गटाची वेबसाइट घ्या, मालकाची परवानगी घेऊन तिथं अॅनालिटिक्स लावा, तीन महिने आकडे बघा आणि एक बदल करून दाखवा. "आधी इतके फोन यायचे, आता इतके येतात" एवढं एक वाक्य तुमच्याजवळ असलं की समोरचा थांबून ऐकतो.

इंग्रजीची भीती अनेकांना असते. भाषण इंग्रजीत असलं तरी जेवणाच्या रांगेत मराठी-हिंदी चालते. "सर, जॉब आहे का?" हे पहिलं वाक्य नको. "तुमच्याकडं व्हॉट्सअॅपवरून आलेली माणसं वेगळी कशी ओळखता?" असं कामाचं विचारा. ओळख झालेल्याला दोन-तीन दिवसांत लिंक्डइनवर चार ओळी लिहा. गुड मॉर्निंगचे फोटो पाठवू नका.

खर्चाचं म्हणाल तर पुण्याला एसटीनं साधारण पाच-सहा तास लागतात. मुलींना मार्च २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट आहे, ते विसरू नका. मुंबईला रात्रीच्या देवगिरीनं गेलं तर सकाळी पोचतो आणि मुक्कामाची एक रात्र वाचते. घरच्यांना कार्यक्रमाचं पान उघडून दाखवा, ठिकाण सांगा. सोबत दोघं-तिघं असतील तर आणखी बरं.

फसवणूक कशी ओळखायची?

'आंतरराष्ट्रीय परिषद' हे नाव कुणीही लावू शकतो. पैसे कुणाच्या तरी खासगी यूपीआयवर मागतात, आधार आणि पॅनचा फोटो मागतात, "येणाऱ्या प्रत्येकाला नोकरीची हमी" म्हणतात, किंवा न येताच सर्टिफिकेट देतो म्हणतात, तर तिथं थांबा. खऱ्या मेळाव्यात नोकरीची हमी नसते. वक्त्यांची नावं दिलेली असतील तर त्यांच्याच लिंक्डइनवर जाऊन बघा, ते स्वतः या कार्यक्रमाबद्दल काही बोललेत का. मागच्या वर्षीचे व्हिडिओ शोधा. आणि पैसे गेलेच तर लाजू नका, वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. जितका उशीर कराल तितके पैसे परत मिळणं अवघड.

दुसऱ्या बाजूनंही सांभाळायचंय. मोजणाऱ्याच्या हातात लोकांची माहिती असते. गावातल्या बायकांचे फोन नंबर फॉर्मवर गोळा केले आणि सहज कुणाला तरी पाठवले, हे आता साधं राहिलेलं नाही. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, तरतुदी टप्प्याटप्प्यानं लागू होताहेत आणि दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. माहिती कशासाठी घेतोय ते आधी सांगायचं, हो म्हणवून घ्यायचं आणि तेवढ्यापुरतीच वापरायची. मेळाव्यात कुणी "नंबरांची यादी आहे का?" असं विचारलं तर त्याच्यापासून चार हात लांब राहा.

पुढचा मेळावा होईपर्यंत घरी बसूनही तयारी होते. गूगलच्या 'स्किलशॉप'वर अॅनालिटिक्सची परीक्षा फुकट देता येते : ५० प्रश्न, ७५ मिनिटं, पास व्हायला ८० टक्के, आणि सर्टिफिकेट १२ महिने चालतं. हाताशी वेबसाइट नसेल तर गूगलनं स्वतःच्या दुकानाचे खरे आकडे सरावाच्या खात्यात उघडे ठेवलेत, साधा जीमेल असला की ते दिसतात. मोबाइलवर पान लहान पडतं, त्यासाठी कॉलेजच्या लॅबमध्ये नाहीतर मित्राच्या लॅपटॉपवर बसलेलं बरं.