रक्त एकच, मग नळ्या तीन कशाला?

रक्त देताना हा प्रश्न बहुतेकांच्या मनात येतो. हात एक, सुई एक. तरी जांभळ्या, लाल, राखाडी झाकणांच्या नळ्या एकामागून एक भरल्या जातात. ‘एवढे रक्त काढता कशाला?’ असे काही जण विचारतातही.

शरीराबाहेर आलेले रक्त काही मिनिटांत गोठू लागते. ते पूर्ण गोठू दिले आणि मग यंत्रात गरगर फिरवले, की वर जो पिवळसर द्रव येतो तो सीरम; दह्याला सुटलेल्या पाण्यासारखा. नळीत आधीच हेपॅरिनसारखे गोठणे रोखणारे द्रव्य असेल तर रक्त पातळच राहते. फिरवल्यावर पेशी तळाशी बसतात आणि वर प्लाझ्मा उरतो, ताकावर यावी तशी निवळी. दोन्ही दिसायला सारखेच. पण रक्त गोठवणारे फायब्रिनोजेन हे प्रथिन प्लाझ्मात शिल्लक असते, सीरममध्ये ते गाठीत खर्ची पडलेले असते.

सीरमसाठी रक्त गोठायला साधारण अर्धा तास थांबावे लागते. अत्यवस्थ रुग्णाच्या बाबतीत तेवढा वेळ नसतो. तिथे हेपॅरिनची हिरव्या झाकणाची नळी बरी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांचे रक्त तर आणखी उशिरा गोठते, म्हणून अशा गोळ्या चालू असतील तर रक्त देण्यापूर्वीच सांगावे. उलट मायलोमा या कर्करोगासाठी प्रथिनांची तपासणी करायची असेल तर सीरमच हवा. प्लाझ्मातील फायब्रिनोजेनची रेघ रोगाच्या रेघेसारखी दिसून फसगत होऊ शकते.

खरी कसोटी लागते ती पोटॅशियमची. रक्त गोठताना प्लेटलेट या पेशींतून पोटॅशियम बाहेर पडते, त्यामुळे सीरममधला आकडा प्लाझ्मापेक्षा किंचित जास्त येतो. प्लेटलेट फार वाढलेल्या रुग्णात हा फरक डॉक्टरला घाबरवण्याइतका होतो. जांभळ्या नळीतले ईडीटीए चुकून दुसऱ्या नळीत गेले तर पोटॅशियम खोटेच वाढते आणि कॅल्शियम खोटेच उतरते. नळ्या ठराविक क्रमाने भरतात त्या यासाठीच.

आता नागपूर-भंडारा महामार्गावरचे शहापूर घ्या. अशा गावात घेतलेला नमुना भंडाऱ्याला किंवा नागपूरला तपासायचा तर मध्ये प्रवास आला, आणि विदर्भातला उन्हाळा आला. नळीतल्या पेशी जिवंतच असतात आणि साखर खात राहतात. साध्या तापमानाला तासाला ५ ते ७ टक्के साखर कमी होते, उन्हात त्याहून जास्त. उपाशीपोटी १३० असलेली साखर दोन तासांनी ११५ च्या आसपास दिसली, तर १२६ ची मधुमेहाची रेषा ओलांडलेला माणूस बिनघोर घरी जातो. राखाडी नळीतले फ्लोराइड ही घसरण रोखते, पण त्यालाही पुरता परिणाम दाखवायला तास-दोन तास लागतात.

मग बर्फात ठेवले तर? इथेच अनेकांचा अंदाज चुकतो. थंडीत साखर टिकते, पण पोटॅशियम पेशीच्या आत धरून ठेवणारी यंत्रणा मंदावते आणि ते बाहेर झिरपते. शिवाय खडबडीत रस्त्यावर नळ्या आदळल्या की तांबड्या पेशी फुटतात, त्यांच्यातलेही पोटॅशियम मिसळते. म्हणून नमुना जिथे घेतला तिथेच फिरवून द्रव वेगळा करावा आणि मग पाठवावा, हे उत्तम. सोनेरी झाकणाच्या नळीतला जेल फिरवल्यानंतर पेशी आणि सीरम यांच्यामध्ये भिंतीसारखा बसतो. दूरच्या प्रवासाला ती नळी सोयीची. एक सेंट्रिफ्यूज आणि अर्ध्या तासाचा धीर, एवढीच गरज. महागड्या तपासणीयंत्रांच्या चर्चेत ही गोष्ट मागे पडते, असे मला वाटते.

मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी रक्त देताना मूठ सारखी उघडझाक करू नये, त्यानेही पोटॅशियम वाढून दिसते. आकडा अचानक चढलेला आला तर तो खोटा समजून सोडू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. ते ईसीजी काढतील आणि नमुना पुन्हा मागवतील. मागच्या वेळी सीरम तपासला असेल तर या वेळीही सीरमच आहे ना, एवढे विचारून घ्या.