जुनी जीप आणि बिनतारी संच: छंद जोपासताना घ्यावयाची काळजी



पालघर, बोईसर-तारापूर, डहाणू या पट्ट्यात फिरताना दोन गोष्टी हमखास नजरेस पडतात. चिकूच्या वाडीत ताडपत्रीखाली झाकलेली एखादी जुनी जीप, आणि अलीकडे तरुणांच्या कमरेला अडकवलेला हातातला बिनतारी संच, म्हणजेच वॉकीटॉकी. कारखान्यात किंवा नोकरीत असलेली घरची मुले सुट्टीला गावी येतात, जुनी गाडी दुरुस्त करतात आणि पावसाळ्यात जव्हार-मोखाड्याच्या रानवाटांवर नेतात. हा छंद चांगला आहे. त्यातून यंत्राची जाण येते आणि अडीअडचणीला गावाला उपयोग होतो. परंतु अपुऱ्या माहितीने केलेला छंद खिशाला, कायद्याला आणि कधी जिवालाही भारी पडतो. म्हणून या दोन्ही छंदांची शास्त्रीय व व्यवहारी माहिती या लेखात दिली आहे.

शेताशी जुने नाते

जीप ही मुळात दुसऱ्या महायुद्धातील लष्करी गाडी. युद्ध संपताच १९४५ साली अमेरिकेतील विलिस कंपनीने तिची नागरी आवृत्ती काढली. तिचा पहिला गिऱ्हाईक म्हणून शेतकरीच नजरेसमोर होता. ओढकाठी आणि इंजिनाची शक्ती बाहेर घेणारा पीटीओ ही जोडणी तिला मिळत असे. आपल्याकडे स्वातंत्र्यानंतरच्या वर्षांत महिंद्र कंपनीने मुंबईत विलिस जीप जोडण्यास सुरुवात केली. विलिसने १९५३ साली काढलेली सीजे-३बी ही उंच बॉनेटची जीप आपल्या रस्त्यांवर अनेक वर्षे धावली. पुढे पेट्रोल इंजिनाच्या जागी प्यूजो कंपनीच्या रचनेचे २,११२ घनसेंटिमीटरचे डिझेल इंजिन आले. १९८५ साली मारुतीची जिप्सी आली. पहिली जिप्सी ९७० घनसेंटिमीटरची होती, तर १९९६ पासून ती १,२९८ घनसेंटिमीटरच्या इंजिनासह मिळू लागली. लष्कराच्या लिलावातून येणारी जोंगा ही जबलपूरच्या वाहन निर्माणीत निसान कंपनीच्या रचनेवर बनलेली गाडी. हौशी लोकांच्या हाती सध्या प्रामुख्याने याच गाड्या दिसतात.

खरेदीपूर्वीची तपासणी

बैल घेताना आपण दात पाहतो, खूर पाहतो. जुनी जीप घेताना आधी कागद पाहावेत, मग लोखंड.

१) आर.सी. पुस्तकावरील चासी क्रमांक व इंजिन क्रमांक स्वतः गाडीवर वाचून पडताळावेत. पुष्कळ जुन्या जीपमध्ये पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसविलेले असते. तसा बदल आर.टी.ओ. कार्यालयात नोंदविलेला नसेल तर सौदा करू नये.

२) खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षे चालते. त्यानंतर तपासणी करून दर ५ वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते आणि पर्यावरण कर भरावा लागतो. शुल्काचे दर वेळोवेळी बदलतात, ते सौद्यापूर्वीच विचारून घ्यावेत.

३) बँकेचा बोजा उतरविल्याची नोंद पाहावी. लष्करी लिलावाची गाडी असल्यास लिलावाचे मूळ कागद मागावेत.

४) पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांपेक्षा जुनी असलेली व मूळ रूपात राखलेली गाडी २०२१ च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज म्हणून नोंदविता येते. मात्र अशी गाडी रोजच्या कामाला किंवा धंद्याला वापरता येत नाही. माल वाहायचा असेल तर या वाटेने जाऊ नये.

५) किनाऱ्यावरील खारी हवा लोखंड खाते. चासीच्या आतल्या बाजूस, पाट्यांच्या कानांजवळ आणि पायाखालच्या पत्र्याला स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहावे. रंगाखाली पत्रा भुसभुशीत लागला तर रंगाला भुलू नये.

६) मोठे टायर, उंच केलेल्या पाट्या, कापलेली बॉडी असे मूळ रचनेतील बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली अडचणीचे ठरतात. अपघात झाल्यास विमा कंपनी याच मुद्द्यावर बोट ठेवते.

चार चाकांची ओढ केव्हा लावावी?

जुन्या जीपमध्ये गिअरच्या दांडीशेजारी आणखी दांड्या असतात. एकीने पुढच्या चाकांना ओढ मिळते, तर दुसरीने गाडी लो रेंजमध्ये जाते. लो रेंजमध्ये वेग कमी होतो आणि ओढ वाढते, जसे चिखलणी करताना आपण ट्रॅक्टर खालच्या गिअरमध्ये घेतो.

येथे एक चूक सर्रास होते. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. या गाड्यांत पुढचा व मागचा आस ट्रान्स्फर केसमध्ये एकमेकांशी घट्ट जोडला जातो, त्यामुळे हा फरक जिरण्यास जागा नसते. चिखलात किंवा मुरमावर चाक थोडे घसरते आणि ताण निघून जातो. कोरड्या डांबरावर चाक घसरत नाही, ताण शाफ्ट आणि गिअरवर साठत जातो. स्टिअरिंग जड होते, दांडी निघत नाही आणि शेवटी काहीतरी तुटते. म्हणून चारही चाकांची ओढ फक्त निसरड्या वाटेवर लावावी आणि डांबरी रस्ता लागताच काढावी. दांडी अडकल्यास गाडी सरळ थोडी मागे घ्यावी, ताण उतरतो व दांडी सुटते.

पाण्यातून गाडी काढल्यानंतर

ओहोळात पाणी किती व जोर किती हे पायी जाऊन, काठीने तपासल्याशिवाय गाडी घालू नये. वाहत्या पाण्याखालचा मोरीचा रस्ता शाबूत आहे, असे कधीही गृहीत धरू नये. पुलावरून पाणी जात असेल तर थांबावे. सूर्या आणि वैतरणेचे पूर ओसरतात, वाहून गेलेला माणूस परत येत नाही.

या बाबतीत लेखकाने स्वतः किंमत मोजली आहे. पहिल्याच पावसाळ्यात गुडघाभर पाण्यातून जीप काढली आणि चालली या आनंदात पुढे काहीच पाहिले नाही. दोन आठवड्यांनी मागच्या आसातून घरघर ऐकू आली. झडपेतून आत शिरलेल्या पाण्याने बेअरिंग गंजले होते. तापलेला आस थंड पाण्यात बुडताच आतली हवा आकसते आणि झडपेतून वा सीलमधून पाणी ओढले जाते. पाण्यात गाडी गेली की दुसऱ्याच दिवशी दोन्ही आस, गिअरबॉक्स व ट्रान्स्फर केसचे तेल पाहावे. तेल दुधासारखे पांढरट दिसले तर पाणी शिरले असे समजून तेल ताबडतोब बदलावे. ड्रम ब्रेकही ओले झाल्यावर धरत नाहीत. पाण्याबाहेर येताच थोडे अंतर ब्रेक हलका दाबत चालवून ते सुकवावेत.

बिनतारी संच: कोणता, कोणत्या परवान्याने?

बिनतारी संचांचे आपल्या कामापुरते दोन प्रकार समजून घ्यावेत.

पहिला, विनापरवाना संच. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात चालणारे कमी शक्तीचे संच २०१८ पासून परवान्यातून मुक्त आहेत. मात्र संच सरकारमान्य बनावटीचा असावा लागतो. ऑनलाइन बाजारात स्वस्तात मिळणारे पुष्कळ संच कोणत्याही कंप्रतेवर लावता येतात. ते पोलीस, रेल्वे किंवा विमानांच्या लहरींत अडथळा आणू शकतात व विनापरवाना बाळगणे गुन्हा ठरतो. याच कारणाने ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ साली त्यांच्या ऑनलाइन विक्रीबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. घेताना कंप्रता व मान्यतेचा क्रमांक खोक्यावर आणि पावतीवर पाहावा.

दुसरा, हौशी रेडिओ, ज्याला हॅम म्हणतात. त्यासाठी केंद्र शासनाच्या दूरसंचार विभागाची परीक्षा द्यावी लागते. १९७८ च्या नियमांनुसार १२ वर्षांवरील व्यक्तीस परीक्षेला बसता येते. रेडिओचे प्राथमिक शास्त्र आणि नियम हे विषय असतात. रिस्ट्रिक्टेड श्रेणीला मोर्सची अट नाही, जनरल श्रेणीला मिनिटाला ८ शब्दांचा मोर्स यावा लागतो. २०२३ च्या दूरसंचार कायद्यानंतर नियमांत फेरबदल होत असल्याने अर्ज करण्यापूर्वी ताजे नियम पाहावेत. परवानाधारकास व्हीयू अक्षरांनी सुरू होणारी स्वतःची खूण मिळते. हौशी लहरींवर धंद्याचे बोलणे चालत नाही. आज चिकूला काय भाव आहे हे त्यावर विचारता येत नाही, त्यासाठी फोन आहे.

आवाज किती दूर पोचतो?

खोक्यावर १० किलोमीटर लिहिलेले असते, वाडीत मात्र एक किलोमीटरवर आवाज तुटतो. यात संचाचा दोष नसतो. या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात आणि पृथ्वी गोल आहे. आकाशकाची, म्हणजे अँटेनाची, मीटरमधील उंची घ्यावी, तिचे वर्गमूळ काढून ४.१ ने गुणावे. येणारे उत्तर म्हणजे मोकळ्या सपाटीवरील क्षितिजाचे किलोमीटर. हातातील संच दीड मीटर उंचीवर धरला तर ५ किलोमीटर. ९ मीटर उंच खांबावरील आकाशकासाठी १२ किलोमीटर. दोघांची बेरीज १७. आणि ४०० मीटर उंचीच्या डोंगरमाथ्यावरून एकट्याचेच क्षितिज ८२ किलोमीटर. मध्ये टेकडी, दाट झाडी किंवा घर आले की हे आकडे झपाट्याने घटतात. म्हणून शक्ती वाढविण्यापेक्षा उंची वाढविणे फायद्याचे.

हे आम्ही मोखाड्याकडील एका खोऱ्यात शिकलो. भाताच्या लावणीत एका बाईला साप चावला. मोबाईलला रेंज नव्हती. जीप डांबरी रस्त्यावर, सुमारे तीन किलोमीटरवर उभी होती. खाचरातून संचावर पुन्हा पुन्हा हाक दिली, उत्तर नाही, कारण मध्ये डोंगराची सोंड होती. एक विद्यार्थी धावत टेकडीच्या खांद्यावर चढला आणि पहिल्याच हाकेला चालकाने उत्तर दिले. लो रेंजमध्ये जीप खाचराच्या बांधापर्यंत आली, बाईंना हलू न देता ग्रामीण रुग्णालयात नेले, लस वेळेत मिळाली. पायी निरोप गेला असता तर पाऊण तास तेथेच गेला असता. साप चावल्यास जखम कापू नये, घट्ट दोरी बांधू नये, अंग हलू न देता थेट रुग्णालय गाठावे.

संच जीपवर बसविताना

हौशी रेडिओच्या १४५ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे २ मीटर असते, म्हणून पाव लहरीचा आकाशक साधारण अर्ध्या मीटरचा होतो. त्याला खाली धातूचा पत्रा लागतो. कापडी टपाच्या जीपला छत नसते, तेव्हा तो बॉनेटच्या पत्र्यावर बसवावा. वीज थेट बॅटरीवरून घ्यावी व बॅटरीजवळच फ्यूज ठेवावा. घरी बांबूवर आकाशक उभारताना बांबू कोणत्याही बाजूला पडला तरी विजेच्या तारेला लागणार नाही इतके अंतर ठेवावे. ढग गडगडू लागताच आकाशकाची तार संचापासून काढावी.

संकटकाळी मोल

२६ जानेवारी २००१ च्या भूज भूकंपात आणि २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर अंदमानात टेलिफोन बंद पडले असता हौशी रेडिओवाल्यांनी निरोप पोचविले. पोर्ट ब्लेअरला त्या वेळी भारती प्रसाद या हौशी रेडिओ चालक उपस्थित होत्या. आपला जिल्हाही सुरक्षित नाही. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी भागाने धक्क्यांची मालिका सोसली. मे २०२१ च्या तौक्ते वादळात भरकटलेली एक बार्ज पालघरच्या किनाऱ्याजवळ रुतली आणि तीवरील १३७ जणांना वाचवावे लागले. वीज गेली की टॉवरची बॅटरी काही तासांत संपते. तेव्हा गावात एक परवानाधारक आणि चालू स्थितीतील एक जीप असणे ही गावाची ठेव आहे.

पाळावयाची पथ्ये

- राखीव वनात, अभयारण्यात व दुसऱ्याच्या उभ्या पिकात गाडी घालू नये. भाताचा बांध फुटला तर हंगाम जातो.
- पुळणीवर गाडी नेऊ नये. भरती गाडीची वाट पाहत नाही.
- तारापूरचे अणुविद्युत केंद्र १९६९ पासून चालू आहे. त्याच्या परिसरात संचाचे प्रयोग करू नयेत.
- एकट्या गाडीने रानात जाऊ नये. दोर, फावडे, प्रथमोपचार पेटी सोबत असावी.
- बोलण्यापूर्वी ऐकावे, बटण दाबून क्षणभर थांबावे, थोडक्यात बोलावे.
- पीककर्जाचा पैसा छंदात घालू नये.

बंधु-भगिनींनो, गाडी असो वा संच, दोन्ही रोजच्या निगेवर चालतात. दर रविवारी अर्धा तास जीप सुरू करावी, संचाची बॅटरी भरावी आणि घरातील एका तरी मुलाला वा मुलीला दोन्ही चालविण्यास शिकवावे. ज्या रात्री गरज पडेल त्या रात्री तुम्ही घरी असालच असे नाही.