गुलाबी कुणी सांगितला?

कात्सुशिका होकुसाईच्या 'फुगाकु ह्याक्केई'चा पहिला भाग १८३४ मध्ये एदोत, म्हणजे आजच्या तोक्योत, प्रसिद्ध झाला. फुजी पर्वताची शंभर दर्शनं असं पुस्तकाचं नाव. पण उघडल्यावर समोर पर्वत येत नाही, एक स्त्री येते. पायघोळ वस्त्रं, सोबत आरसा आणि एक डहाळी. ही कोनोहानासाकुया-हिमे. झाडांना बहर आणणारी देवी आणि फुजीची स्वामिनी. बहराची देवी असूनही तिच्या अंगावर रंगाचा ठिपका नाही. काळी शाई आणि राखाडीच्या छटा, बस्स. पहिल्या आवृत्तीचं वेष्टन मात्र फिकट गुलाबी. गुलाबी जो काय होता, तो कव्हरवरच खर्च झाला.

रंगाची टंचाई होती म्हणावं, तर तेही नाही. त्याच्या आधीच्या दोन-चार वर्षांत याच होकुसाईने प्रशियन निळ्याची उधळण करत फुजीची रंगीत मालिका काढली होती. जगभर टी-शर्टांवर मिरवणारी ती लाट त्याच मालिकेतली. पण ठोकळा-छपाईत प्रत्येक रंगाला वेगळा ठोकळा कोरावा लागतो. पुस्तक राखाडीत निघालं आणि त्या राखाडीतच होकुसाईने आणि त्याच्या छापणाऱ्यांनी कमाल केली.

मला रेषाचित्रं रंगवायचा जुना नाद आहे. या पानाची झेरॉक्स काढली, हात सवयीने गुलाबी पेन्सिलीकडे गेला आणि तिथेच अडला. बहर म्हणजे चेरी, चेरी म्हणजे गुलाबी, हे कुणी ठरवलं? हा लेख त्या अडलेल्या हाताचा.

कथा थोडक्यात. 'कोजिकी' (इ.स. ७१२) आणि 'निहोन शोकी' (७२०) या दोन्ही जुन्या ग्रंथांत ती आहे. सूर्यदेवीचा नातू निनिगी पृथ्वीवर उतरतो, पर्वतदेवाच्या या मुलीवर भाळतो. बाप तिच्याबरोबर थोरली इवानागा-हिमे हिलाही पाठवतो. थोरली खडकासारखी टिकाऊ, पण रूपाने डावी. निनिगी तिला परत धाडतो आणि म्हणून त्याच्या वंशजांचं आयुष्य खडकाचं न होता फुलाचं होतं. पुढे धाकटी एका रात्रीत गरोदर राहते तेव्हा हाच निनिगी मूल आपलं कशावरून म्हणून विचारतो. ती दार नसलेलं घर बांधते, फटी मातीने लिंपते आणि प्रसूतीच्या वेळी त्याला आग लावते. मुलं निनिगीची असतील तर वाचतील. तीन मुलगे सुखरूप जन्मतात. जपानी सम्राट आपली वंशावळ त्यांतल्या धाकट्यापर्यंत नेतात.

सीतेची अग्निपरीक्षा आठवेल. पण इथे आग लावणारी ती स्वतः आहे, पुरुषाच्या सांगण्यावरून नाही. म्हणूनच ती ज्वालामुखीची देवी शोभते. फुजिनोमियाचं सेंगेन मंदिर तिचं मुख्य ठाणं. सुखरूप बाळंतपण आणि आगीपासून रक्षण या दोन्हींसाठी लोक तिला नवस बोलतात. आणि एवढं असून तिच्याच पर्वताच्या माथ्यावर बायकांना १८७२ पर्यंत बंदी होती! होकुसाईचं पुस्तक निघायच्या दोनच वर्षं आधी, १८३२ मध्ये, ताकायामा तात्सु नावाची तरुणी पुरुषवेषात माथा गाठून आली. माथ्यावर पोचलेली नोंदीतली पहिली स्त्री ती. देवी बाई चालते, भक्त बाई चालत नाही, हा न्याय आपल्याला काही परका नाही.

आता रंग. जुन्या ग्रंथांत देवीच्या फुलांचा रंग दिलेला नाही. 'कोजिकी'वर ४४ खंडांचं भाष्य १७९८ मध्ये पुरं करणाऱ्या मोतोओरी नोरिनागाचा जीव रानचेरीवर, यामाझाकुरावर, जडला होता. आपल्या थडग्यावर हेच झाड लावावं असं त्याने मृत्युपत्रात लिहिलं, शेजारी थडग्याचं चित्रही काढून ठेवलं. यामाझाकुराचं फूल पांढरं, फार तर किंचित लालसर झाक असलेलं. खरी लाली असते ती फुलांबरोबर फुटणाऱ्या कोवळ्या, तांबूस पालवीत. आज पर्यटनाच्या जाहिरातींत दिसणारी सोमेई-योशिनो ही जात एकोणिसाव्या शतकात एदोजवळच्या सोमेई गावच्या रोपवाटिकांतून पसरली. तिची सगळी झाडं कलमांची, म्हणून सगळी एका दमात फुलतात. तिचं फूलसुद्धा जवळून पाहिलं तर जवळजवळ पांढरंच. आपल्या डोळ्यांतला कडक गुलाबी आला तो कृत्रिम रंगांबरोबर, आणि फोनच्या पडद्याने तो आणखी चढवला.

जुना गुलाबी यायचा बेनीतून, आणि इथे आपला संबंध येतो. बेनी म्हणजे करडईच्या पाकळ्यांचा लाल रंग. सोलापूर-मराठवाड्यात करडई तेलासाठी पेरली जाते. फुलांतून निघणारा कुसुंबी रंग आपण कधीच मागे टाकला. जपानमधल्या यामागाताच्या मोगामी नदीच्या खोऱ्यात मात्र तेच पीक रंगासाठी घेत. दवाने काटे मऊ असतात तोवर, भल्या पहाटे पाकळ्या खुडायच्या. धुऊन, आंबवून, वड्या थापून वाळवायच्या आणि क्योतोला पाठवायच्या. तिथे आधी पिवळा रंग धुऊन टाकायचा, मग राखेच्या क्षारपाण्यात लाल उतरवून घ्यायचा आणि आंबटाने तो खाली बसवायचा. एवढा खटाटोप करून मिळणारा हा रंग उजेडात विटतो. संग्रहालयांतल्या जुन्या छापील चित्रांतल्या बायकांचे फिकुटलेले ओठ पाहून जपानी अभिरुचीचं संयमी म्हणून कौतुक करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. बराचसा संयम उन्हाचा आहे.

रंगांच्या या शोधात हाती लागलं ते होकुसाईचंच एक पुस्तक, 'एहोन साइशिकित्सू'. १८४८ मध्ये, मृत्यूच्या आदल्या वर्षी, जपानी मोजणीने ८९व्या वर्षी म्हाताऱ्याने रंगकामाची दोन भागांची मार्गदर्शिका काढली. तीही चित्रांची हौस असलेल्या पोरासोरांसाठी, त्यांना परवडेल अशी. रंग कसा कुटायचा, सरस किती घालायचा, कशावर काय चढवायचं, सगळं त्यात आहे. एकट्या काळ्याचेच त्याने प्रकार पाडले आहेत: जुना काळा, ताजा काळा, तकतकीत, मंद, उन्हातला आणि सावलीतला. देवीला राखाडीत उभी करणाऱ्या माणसाकडे रंगांचं ज्ञान कमी नव्हतं, हे त्यातून कळतंच. पण ज्ञान कुणाचं, हा प्रश्नही तिथेच उभा राहतो.

त्या काळातलं त्याचं घर शिष्य त्सुयुकी इइत्सुच्या एका रेखाटनातून आपल्याला माहीत आहे. म्हातारा पाठीवर गोधडी घेऊन जमिनीवर वाकून चित्र काढतोय. खांबाला संत्र्यांचं खोकं ठोकून त्याचा देव्हारा केलाय, आत बौद्ध संत निचिरेनची मूर्ती. कोपऱ्यात कोळशाची पोती, साकुरामोची या मिठाईच्या टोपल्या आणि सुशीची वेष्टनं यांचा ढीग. चित्रवह्या आणि पंखे रंगवून मिळणार नाहीत, अशी पाटी लावलेली. पाटीवर नावं दोन: हाचिएमोन आणि मुलगी एई. हाचिएमोन म्हणजे होकुसाईच, रंगांच्या पुस्तकावरही त्याने हेच नाव घातलं आहे. एई म्हणजे शेजारी बसून कागदाकडे पाहणारी ती बाई. चित्रकार म्हणून तिचं नाव कात्सुशिका ओई.

ओईच्या जन्ममृत्यूची सालं नक्की नाहीत. लग्न एका चित्रकाराशी झालं. त्याची चित्रं कच्ची असत, ही हसायची, लग्न मोडलं. हे सांगतो होकुसाईचा चरित्रकार इइजिमा क्योशिन, १८९३ मध्ये. ती घरकाम करत नसे, पाइप ओढत असे, हेही तो आवर्जून सांगतो. बापाच्या घरातला उकिरडा कलंदरपणा ठरतो, मुलीचा मात्र गबाळेपणा. पण सुंदर स्त्रिया रंगवण्यात ती आपल्यापेक्षा सरस आहे, ही खुद्द होकुसाईची कबुलीही इइजिमानेच नोंदवली आहे. ओबुसे गावच्या एका माणसाला तिने लिहिलेलं पत्र उपलब्ध आहे. त्यात विचारपूस थोडी, शोएंजी तयार करण्याची कृतीच जास्त, तीही आकृत्यांसकट. शोएंजी म्हणजे लाखेच्या किड्याचा तांबडा, आपल्या अळत्याचा भाऊ. तो कापसाच्या पातळ चकत्यांत मुरवलेला चीनहून येई. चकतीतून रंग काढून आटवायचा कसा, हे पत्रातून शिकवणारी बाई रंगांच्या पुस्तकाच्या वेळी शेजारी नुसती बसून राहिली असेल?

तिची म्हणता येतील अशी चित्रं बोटांवर मोजण्याइतकी. तोक्योच्या ओता संग्रहालयातलं, योशिवारा या एदोच्या वेश्यावस्तीतल्या रात्रीचं चित्र सर्वांत प्रसिद्ध. जाळीमागे झगमगाट, बाहेर काळोख, मध्ये माणसांच्या सावल्या. सही कुठे? तीन कंदिलांवर एकेक अक्षर विखरून. जिथून उजेड येतो तिथेच तिने नाव घातलं.

दुसरं चित्र आइची प्रांतातल्या मेनार्ड संग्रहालयात आहे: रात्रीच्या चेरीखाली, दगडी दिव्याजवळ कविता लिहायला उभी असलेली स्त्री. यावर सहीच नाही, ते ओईचं मानलं जातं. या चित्रातला बहर पाहावा. दिव्याजवळची फुलं उजळ, वरची आणि लांबची अंधारात विरत गेलेली. आकाशातल्या चांदण्यांनाही एकच रंग दिलेला नाही. फुलाचा रंग इथे फुलाने ठरवलेला नाही, दिव्याने ठरवलाय. होकुसाईच्या रेषेने जे केलं नाही, ते हिच्या रंगांनी केलं.

होकुसाईच्या अखेरच्या वर्षांतल्या चित्रांत तिचा हात किती, यावर अभ्यासक अजून भांडतात. थरथरत्या वयात इतका नितळ रंग कसा, असा एक पक्ष. सही बापाची म्हणजे चित्र बापाचं, असा दुसरा. सिनेमा आणि कादंबऱ्यांनी तिला नायिका केलं, ते ठीक. माझं मत असं की या वादात रेषेला चित्र आणि रंगाला मदत मानलं जातं, तिथेच तो भरकटतो. फुगाकु ह्याक्केईचे ठोकळे कोरणाऱ्या एगावा तोमेकिचीचं नाव नोंदलेलं आहे. होकुसाई तर आपल्या कामासाठी तोच कारागीर हवा म्हणून प्रकाशकाला पत्रं लिहायचा. कोरणाऱ्याला नाव, रेखाटणाऱ्याला नाव. रंग लावणारे मात्र कायम पडद्याआड.

तेव्हा देवी रंगवायची कशी? पाकळ्यांना पांढरा हवा, आणि तो कागदाचा कोरेपणा नव्हे. जपानी चित्रकार शिंपल्यांची भुकटी, गोफुन, खलात घोटतात, सरसात मळून गोळा करतात आणि तो गोळा ताटलीवर शंभरदा आपटतात. मग कुठे तो पाकळीवर एकसारखा बसतो. लाली पालवीला द्यावी. आणि गुलाबी? जळत्या घराचा उजेड जिथे पोचतो तेवढ्याच कडांना. कारण ही आग लावून मुलं जन्माला घालणारी देवी आहे, वसंताच्या भेटकार्डावरची मुलगी नाही. तिला नखशिखान्त गुलाबी करणं म्हणजे तिची निम्मी गोष्ट पुसून टाकणं. दिवा कुठे ठेवायचा हे आधी ठरवा. पेन्सिल त्यानंतर निवडा. हे मी होकुसाईच्या पुस्तकातून नाही, त्याच्या मुलीच्या चित्रातून शिकलो.